सल्ला हवा: दारूतून परत आलेल्या नटावरचं नाटक किंवा सिनेमा

तिसरी_घंटा
नमस्कार मंडळी. आमचा हौशी ग्रुप आहे, मंगळवार पेठेतला. केशवराव भोसले नाट्यगृह जळाल्यापासून तालमीला जागा मिळेल तिथं, सध्या एका शाळेचा हॉल. यंदा राज्य नाट्य स्पर्धेला दोन अंकी करायचं ठरतंय.

आमच्यात एक ज्येष्ठ नट आहेत. एकेकाळी कोल्हापुरात त्यांच्या नावावर गर्दी व्हायची, मग दहा-बारा वर्षं दारूत गेली. आता दीड वर्ष थेंब नाही. त्यांना शोभेल असं काही सुचवा: पुन्हा उभा राहू बघणारा नट, संसारातली ओढाताण. 'एकच प्याला' नको, ते पाठ आहे सगळ्यांना.

अजून एक. काकी, म्हणजे त्यांच्या पत्नी, रोज तालमीला येतात. मागच्या खुर्चीत बसून राहतात, काकांच्या हातात पेला द्यायच्या आधी हुंगून बघतात. सगळ्यांसमोर! काका म्हणतात, हिच्यामुळं मोकळं वाटत नाही. काकींना न दुखावता 'येऊ नका' कसं सांगायचं?

रंकाळ्यावरचा_वारा
'क्रेझी हार्ट' बघ भावा. २००९ चा, जेफ ब्रिजेसला ऑस्कर मिळालेला. उतरणीला लागलेला गायक, गावोगावी फुटकळ कार्यक्रम. पण त्यात संसार आधीच मोडलेला आहे, त्यामुळं तुला हवी ती ओढाताण नाही. आणि कुणी 'आशिकी २' सुचवायच्या आत सांगतो, नको.

विंगेतली_बाई
'द कंट्री गर्ल'. शोधणं थांबवा.

क्लिफर्ड ओडेट्सचं नाटक, १९५० साली ब्रॉडवेवर आलं. १९५४ मध्ये त्यावर सिनेमा झाला, बिंग क्रॉसबी, ग्रेस केली, विल्यम होल्डन. ग्रेस केलीला ऑस्कर मिळालं ते यासाठीच, आणि ते चष्मा-स्वेटरातल्या थकलेल्या बाईच्या भूमिकेसाठी. नाटकात फ्रँक एल्गिन नुसता नट आहे. सिनेमात क्रॉसबी म्हटल्यावर त्याला गायकही केलाय. तुम्ही नाटकच घ्या. मोजकी माणसं, रिकामा रंगमंच, भाड्याची खोली, मेकअप रूम. नेपथ्याचा खर्च वाचतो.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडं येते, कारण दोन्हींचं उत्तर एकच आहे. त्यात बर्नी नावाचा तरुण दिग्दर्शक आहे. फ्रँकवर जीव टाकणारा. फ्रँक त्याला हळूच सांगतो की बायको जॉर्जीच पिते, तिनंच जीव द्यायचा प्रयत्न केलाय, तिला एकटं सोडता येत नाही. बर्नीला पटतं. मग जॉर्जी पगाराचं बोलली की बर्नीला ती हावरट वाटते, नवऱ्याच्या जवळ थांबली की जाच करणारी वाटते. तो तिला तिथून घालवायला निघतो. खरं काय ते फार उशिरा कळतं: पिणारा तो, जीव द्यायला निघालेला तो, आणि नको ती बोलणी सगळी तिच्या तोंडी घालून स्वतः गोड राहणाराही तोच. त्यात फ्रँक खोकल्याच्या औषधाच्या बाटलीला लागतो, आणि दारू त्यातही असते हे फक्त जॉर्जीला ठाऊक असतं.

तर, पेला हुंगणाऱ्या बाईला हॉलबाहेर काढायचं मनात आणणारे तुम्ही कोण, ते बघा. आणि एक, कोल्हापूर केवढंसं? काकांना ओळखणारे इथं पाच जण निघतील. जरा जपून लिहा.

सनदशीर
परवानगीचं सांगतो. ओडेट्स १९६३ मध्ये गेले. आपल्याकडं कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतरच्या जानेवारीपासून ६० वर्षं, म्हणजे २०२३ च्या अखेरीस मुदत संपली. स्वतः रूपांतर करत असाल तर भारतात अडचण दिसत नाही. कुणाचं तयार भाषांतर घेतलंत तर त्याचा हक्क वेगळा, ते विचारूनच. आणि संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडं वेळेत पाठवा, आयत्या वेळी धावाधाव नको.

जुना_प्रेक्षक
'एकच प्याला'ला उगाच बाजूला सारताय. रंगमंचावर १९१९ साली आलं, गडकरी त्याच्या महिनाभर आधी गेलेले. सिंधू बालगंधर्वांची. सुधाकर वकील आहे, सनद गेल्याच्या अपमानातून पेला हाती येतो. पण सिंधू शेवटपर्यंत सोसते, आणि शंभर वर्षं आपण त्या सोसण्यालाच टाळ्या दिल्या. जॉर्जी भांडते, हिशेब मागते, निघून जायची भाषा करते. बसवताना तिची सिंधू करू नका एवढंच. काकांच्या भूमिकेला प्रेक्षक आपोआप विरघळतो, मेहनत बाईच्या भूमिकेवर घ्या.

तिसरी_घंटा
सगळ्यांचे आभार. विंगेतली_बाई, झणझणीत लागलं, पण बरोबर होतं. सिनेमा काल बघितला. काकींना काही सांगायला गेलो नाही.

आज तालमीआधी त्यांच्याशेजारी बसलो, गोष्ट सांगितली. खोकल्याच्या औषधापाशी त्यांनी हात वर केला, थांब म्हणून. पर्समधून काकांच्या औषधाची बाटली काढली. झाकणावर पेनानं तारीख आणि बाटलीवर औषध कुठवर आहे त्याची रेघ मारलेली. म्हणाल्या, "हे तुमच्या नाटकात घ्या. पण ह्यांना माझ्याकडून कळलं म्हणू नका."

संहितेचं इंग्रजी पुस्तक कोल्हापुरात कुणाकडं आहे का? झेरॉक्सचे पैसे मी देतो. आणि चाळिशीतली, भांडता येणारी नटी हवीय. तालीम रोज संध्याकाळी सातला.