ओबीच्या डंपवर झाडं लावली म्हणजे जमीन परत आली का?

वावरकरी
आमच्या गावाशेजारच्या खाणीने यंदा जुन्या डंपवर रोपं लावली आणि ‘जमिनीचं पुनरुज्जीवन’ असा फलक ठोकला. त्या डंपखाली माझ्या काकांचं पाच एकर वावर आहे. कापूस, तूर, बांधावर दोन बोरी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कोळशावरची माती आणि दगड म्हणजे ओबी, आणि तिचा बाहेर रचलेला ढीग म्हणजे डंप. आमच्या भागात टनभर कोळसा काढायला चार-पाच घनमीटर ओबी उपसावी लागते. फोडलेला दगड फुगतो, म्हणून अख्खा खड्डा त्याच मातीने भरला तरी ढीग उरतोच. तेवढं मला मान्य आहे. पण वरची काळी माती वेगळी काढून राखायची असते. आमच्याकडे ती दगडासोबतच डंपमध्ये गेली. आता दर पावसाळ्यात डंपवरचा गाळ नाल्यात उतरतो आणि नाला उरलेल्या वावरात शिरतो. खड्डा भरून, त्यावर काळी माती पसरून पीक निघेपर्यंत कोणी ‘पुनरुज्जीवन’ म्हणू नये. पटतं का?

बेंच३०
भाऊ, सव्वीस वर्षं ओपनकास्टला, म्हणजे उघड्या खाणीत, काढली आहेत. काळी माती मिसळली असेल तर तो गुन्हाच. पण झाडांना तुम्ही शोभेची ठरवताय, ते पटत नाही.

डंप आधी उभा राहिला पाहिजे. डंपरने कड्यावरून नुसती माती लोटली की ती आपल्या उतारावर कशीबशी थांबते आणि पाणी मुरलं की सुटते. म्हणून तीस मीटरवर बेंच, म्हणजे रुंद पायरी, पाडायचा, डोझरने उतार मोडून एकंदर २८ अंशांच्या आत आणायचा, पायथ्याला भिंत आणि चर द्यायचा. झारखंडात ललमटियाला, राजमहल खाणीत, २९ डिसेंबर २०१६ च्या रात्री ढिगारा आणि कडा घसरला, २३ माणसं गेली. त्यानंतर मी कुठल्याही डंपकडे पाहिलं की पीक सुचत नाही, आधी पायथा बघतो. बेंचवर धरलेलं गवत आणि बांबू तुमच्याच नाल्यातला गाळ अडवतात. आणि सुरुवातीची काही वर्षं खड्ड्यात जागाच नसते हो, माती बाहेरच टाकावी लागते.

वावरकरी
सुरुवातीची वर्षं ठीक. इथे खाण वीस वर्षांची झाली, बाहेरचा डंप अजून वाढतोय.

मुळं_आणि_माती
मृदाशास्त्र शिकवते. दोघांशीही थोडी भांडते.

बेंच३० दादा, ‘झाडं’ म्हणजे कोणती? ओबीत सेंद्रिय कर्ब आणि नत्र जवळजवळ नसतं, पाणी ठरत नाही. तिथे खड्डे खणून नुसती सुबाभूळ लावली की तीन वर्षांत हिरवं दिसतं, पण खालचा दगड दगडच राहतो. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगावर वेगळी वाट दाखवली होती. साखर कारखान्याची प्रेसमड, म्हणजे रस गाळून उरलेली मळी, मिसळायची, रोपांच्या मुळांना रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर हे नत्र धरणारे जिवाणू आणि मायकोरायझा बुरशी द्यायची, मग स्थानिक झाडं लावायची. माती तयार करावी लागते, आणि खर्च तिथेच आहे.

आणि वावरकरी, काळी माती वेगळी ‘राखणं’ एवढ्यानेही भागत नाही. उंच ढीग करून वर्षानुवर्षं ठेवली तर आतले जीव मरतात. इकडे काढली की तिकडे लगेच पसरायला हवी.

ऊर्जानगर
हिरव्या डंपची दुसरी बाजू आमच्याकडे बघा. चंद्रपूरच्या दुर्गापूर भागात खाणीच्या ढिगांवर आणि मोकळ्या जागांवर विलायती बाभळीचं रान माजलं, त्यात वाघ आणि बिबटे राहायला आले. फेब्रुवारी २०२२ मध्ये औष्णिक केंद्रातला कामगार वाघाने मारला, आणि लागोपाठ वस्तीतला सोळा वर्षांचा पोरगा बिबट्याने नेला. त्या दिवसांत संध्याकाळी लेकरांना अंगणात सोडायची हिंमत होत नव्हती. वस्तीला चिकटून झाडी वाढवणार असाल तर ती साफ कोण ठेवणार, हे आधी लिहून द्या.

बेंच३०
विलायती बाभूळ कोणी लावत नाही, दुर्लक्ष केलं की आपोआप येते. पण तुमचं बरोबर आहे, लावून सोडून दिलेला डंप धोक्याचाच.

गवंडीकाम
मला वाटतं ढीग ठेवायचाच कशाला? नागपूरजवळ भानेगावला वेकोलिने, म्हणजे सरकारी कोळसा कंपनीने, ओबी धुऊन वाळू काढली, ती घरकुलांना वापरली. नदीही वाचते.

मुळं_आणि_माती
तिथे कामठीचा वालुकाश्म आहे म्हणून जमलं. चिकणमाती आणि शेल या मातकट दगडाच्या ढिगातून वाळू निघत नाही. सगळीकडचा उपाय नाही तो.

वावरकरी
बेंच३० भाऊ, पायथ्याची गोष्ट मान्य. माझा राग झाडांवर नाही, हिशेबावर आहे. १९५७ च्या कोळसा क्षेत्र कायद्याने घेतलेली जमीन शेतकऱ्याला परत देण्याची सोयच नाही. खाण बंद करण्याच्या २००९ च्या नियमांत ओपनकास्टसाठी हेक्टरी सहा लाख, तेव्हाच्या भावाने, वेगळ्या खात्यात ठेवायला सांगितलं. त्या पैशातून झाडं मोजली जातात. वावर किती झालं, हे कोण मोजतं?

मी खाणीला अर्ज देतोय: खड्ड्याचा जो भाग भरून झाला, त्यातल्या एका एकरावर दोन फूट काळी माती पसरा, मी स्वखर्चाने तूर पेरतो.

बेंच३०
अर्जात भरलेल्या भागाचा नकाशा मागा, आणि तो भाग कधी भरला ते वर्षही. नवी भरलेली माती खचते. दोन-तीन पावसाळे खाल्लेली जागा घ्या, नाहीतर मधोमध तळं होईल.

मुळं_आणि_माती
आणि पहिल्या वर्षी तूर नको. धैंचा हे हिरवळीचं खत पेरून फुलावर आलं की मातीत गाडून टाका. तुरीचं बियाणं तिसऱ्या वर्षी, रायझोबियम चोळून. माती तपासायची असेल तर पिशवी पाठवा, मी करून देते.