मदत हवी आहे: हौशी अ‍ॅडव्हेंचर रेससाठी पैसे कसे उभे करावेत?

नमस्कार मंडळी. आम्ही मित्र मिळून 8 तासांची अ‍ॅडव्हेंचर रेस भरवतोय. डोंगरातली धाव, सायकल, थोडं कयाकिंग (छोटी अरुंद होडी वल्हवणं), आणि वाट शोधायला फक्त नकाशा नि होकायंत्र. मार्ग दोनदा पायी पाहून झालाय. तिसऱ्या चेकपॉइंटआधी ओढ्याकाठी दोन पायवाटा हुबेहूब सारख्या दिसतात, तिथे स्वयंसेवक बसवावाच लागेल.

घोडं अडलंय ते पैशांपाशी. विमा, प्रथमोपचार पथक, कयाक आणि लाइफ जॅकेटचं भाडं आधीच भरावं लागतं, नावनोंदणी मात्र शेवटच्या आठवड्यात होते. सुरक्षेत काटकसर करणार नाही. टीशर्ट, पदकं नसली तरी चालेल. प्रायोजकांकडे रोख मागावी की साहित्य? आणि किमान किती संघ आले तर रेस घ्यायची, हे तुम्ही कसं ठरवलंत?