पालक-प्रशिक्षणात नेमके काय शिकवतात?

प्रश्न : माझ्या पाच वर्षांच्या मुलाला स्वमग्नता (ऑटिझम) असल्याचे निदान झाले आहे. थेरपी चालू असताना आम्ही पालकांनी वेगळे काय शिकायचे?

उत्तर १ : थेरपी आठवड्यातून काही तासच चालते, उरलेला वेळ मूल आपल्याजवळच असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २ ते ९ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी असलेल्या कार्यक्रमात ९ गटसत्रे आणि ३ गृहभेटी असतात, आणि खेळातून व रोजच्या कामांतून मुलाशी संवाद कसा वाढवावा हे त्यात शिकवले जाते. उदाहरणार्थ, आम्ही बूट घालण्याचे काम छोट्या पायऱ्यांत विभागले. आधीचे सगळे मी करत असे आणि शेवटचा पट्टा दाबणे एवढेच माझ्या मुलीवर सोपवले होते. तो जमल्यावर त्याच्या आधीची पायरी तिच्याकडे दिली. (घाईच्या सकाळी मात्र हा प्रयोग करू नये.)

उत्तर २ : या कार्यक्रमात पालकांच्या स्वतःच्या ताणाचाही विचार केलेला असतो. मला तो भाग आधी अनावश्यक वाटला होता; प्रत्यक्षात, मुलगा किंचाळत असताना आवाज न चढवता थांबणे मी तिथेच शिकलो.

प्रश्नकर्ती : आजीलाही नेता येईल का? दिवसभर तीच सांभाळते.

उत्तर १ : मग आयोजकांना विचारून आधी तिलाच न्या.