राउटर, एसी, एक्स्टेन्शन बोर्डचे निळे दिवे रात्री खोलीभर उजेड करतात. बंद न करता मंद कसे करायचे?

रातकिडा:
नमस्कार. १० बाय ११ ची झोपायची खोली आहे. पलंगासमोरच्या भिंतीवर फायबरचा मोडेम-राउटर आहे. त्याला चार निळे दिवे आणि त्यातला एक सतत लुकलुकणारा. वर एसीचा आकड्यांचा डिस्प्ले, उशाशी निळ्या दिव्याचा एक्स्टेन्शन बोर्ड, टेबलावर यूएसबी हब. पडदे ओढले तरी छतावर निळी झाक असते, पंख्याची पाती मोजता येतात.

काळी चिकटपट्टी लावली की दिवा पूर्णच झाकला जातो, मग नेट बंद पडल्यावर नक्की काय गेलंय ते दिसत नाही. राउटर सेवा देणाऱ्या कंपनीचा आहे, तो उघडायचा नाही. हब उघडायला हरकत नाही, सोल्डरिंग येतं. तर राउटर आणि एसीवर काय लावावं? हबमधला रेझिस्टर (दिव्यातला प्रवाह मर्यादित ठेवणारा भाग) बदलायचा तर किती ओहमचा? आणि निळाच दिवा एवढा का खुपतो? टीव्हीचा लाल दिवाही रात्रभर चालू असतो, त्याचा त्रास नाही.

ओहम:
शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात.

अंधारात आपण डोळ्यातल्या दंडपेशींनी पाहतो. त्यांची संवेदनशीलता ५०७ नॅनोमीटरला सर्वात जास्त असते. निळे दिवे साधारण ४७० नॅनोमीटरचे. तिथे दंडपेशी कमाल क्षमतेच्या जवळजवळ ६८ टक्के काम करतात. लाल दिवा ६३० च्या आसपास, तिथे फक्त ०.३ टक्के. म्हणजे तेवढ्याच शक्तीचा निळा प्रकाश अंधाराला सरावलेल्या डोळ्याला लालपेक्षा सुमारे दोनशे पट जास्त जाणवतो. दिवसा हाच हिशेब उलटा होतो, उजेडात डोळ्याला लाल जास्त ठळक वाटतो. दुकानात किंवा कारखान्यात लख्ख उजेडात पाहिलेला दिवा 'ठीक' वाटतो आणि घरी रात्री खुपतो, तो यामुळे. शिवाय निळा प्रकाश डोळ्यातल्या पडद्याच्या किंचित अलीकडेच एकवटतो, म्हणून दिव्याभोवती धूसर वलय दिसतं आणि कितीही टक लावली तरी ठिपका स्पष्ट होत नाही.

दुसरं कारण सर्किटमधलं. जुन्या लाल-हिरव्या दिव्यांना दिसण्यापुरता उजेड द्यायलाच १० ते २० मिलिअँपिअर प्रवाह लागायचा. १९९३ मध्ये जपानमध्ये नाकामुरांनी प्रखर निळा दिवा आणला (त्याच कामासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं). हे नवे दिवे अर्ध्या मिलिअँपिअरलाही भरपूर उजेड देतात. पण बऱ्याच सर्किटांत दिवा बदलला, रेझिस्टर जुन्याच हिशेबाचा राहिला. ही निष्काळजी आहे आणि ग्राहकाने ती मुकाट्याने सोसू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

झोपेचं म्हणाल तर, शरीराचं घड्याळ चालवणाऱ्या डोळ्यातल्या पेशी ४८० नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक प्रतिसाद देतात, म्हणजे निळ्या दिव्यांच्या अगदी शेजारी. पण लांबचा एखादा मिणमिणता दिवा म्हणजे झोपताना डोळ्यासमोर धरलेला मोबाइल नव्हे. प्रमाण लक्षात ठेवा. छत उजळत असेल तर मात्र उपाय करायलाच हवा.

तांबडी काच:
राउटर आणि एसीसाठी आधी फुकटचा उपाय. राउटरच्या मागे किंवा बाजूला 'एलईडी' लिहिलेलं बटण आहे का पाहा. नसेल तर ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ (काहींत १९२.१६८.०.१) उघडून सेटिंगमध्ये एलईडी किंवा नाइट मोड शोधा. काहींत रात्री ११ ते सकाळी ६ असं वेळापत्रकही लावता येतं. कंपनीने दिलेल्या यंत्रात हा पर्याय बरेचदा लपवलेला असतो. स्वतःच्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मुक्त प्रणाली) असेल तर सिस्टिममधल्या एलईडी कॉन्फिगरेशनमध्ये प्रत्येक दिवा वेगळा बंद करता येतो. एसीच्या रिमोटवर 'लाइट', 'डिस्प्ले' किंवा 'एलईडी' बटण असतं. नसल्यास स्लीप मोड लावून पाहा, काही एसींत त्यात डिस्प्ले विझतो.

हे जमलं नाही तर मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ती पिवळट-सोनेरी हीट टेप आणा. हीच पॉलिइमाइड किंवा कॅप्टॉन टेप. १० मिलिमीटर रुंदीची पुरते. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ, मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळते. तिचा रंगच निळ्या प्रकाशाला अडवतो आणि लाल जवळपास जसाच्या तसा जाऊ देतो. फायबरच्या डब्यावर हे फार सोयीचं आहे. निळे दिवे मंद होतात, पण फायबर तुटल्यावर पेटणारा 'एलओएस'चा लाल दिवा टेपखालूनही ठळक दिसतो. एका थराने थोडाच फरक पडतो. तीन-चार थर एकावर एक लावा. उरलेला उजेड हिरवट दिसेल, तो बिघाड नव्हे. एसीचे आकडे पांढरे असतील तर पिवळसर होतील.

रिमोटचा प्रकाश अवरक्त, साधारण ९४० नॅनोमीटरचा असतो. तो या टेपमधून आरपार जातो, त्यामुळे एसीच्या डिस्प्लेवर ती बिनधास्त लावा. काळ्या इन्सुलेशन टेपने मात्र रिमोट चालणं बंद होऊ शकतं. गाडीच्या काळ्या सन फिल्मचा तुकडाही उजेड छान कमी करतो, पण धातूचा थर असलेली फिल्म रिमोट अडवते.

काळ्या टेपचा दुसरा तोटा तुम्हाला मे महिन्यात दिसेल. राउटरच्या उष्णतेने तिचा चिकटा वितळून बाजूने बाहेर येतो, त्यावर धूळ बसते. निघत नसेल तर दोन थेंब खोबरेल तेल लावून दहा मिनिटं ठेवा, मऊ कापडाने पुसा. लाल नेलपॉलिश थेट प्लास्टिकवर लावू नका. काढायला ॲसिटोन लागतं आणि त्याने एबीएस, ॲक्रिलिक ही दोन्ही प्लास्टिकं पांढुरकी पडतात. लावायचंच तर पारदर्शक चिकटपट्टीवर लावून, वाळवून, तो तुकडा चिकटवा.

एक अडचण राहतेच. पांढऱ्या पातळ कवचाच्या यंत्रात भोक झाकलं तरी कवच आतून उजळतं. बाहेरून दिव्याभोवती दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत टेप लावावी लागते, हवेच्या फटी तेवढ्या मोकळ्या सोडा.

आरवायबी:
एक्स्टेन्शन बोर्डबद्दल सावध राहा. त्यातला दिवा थेट २३० व्होल्टवर असतो. बाहेरून तीच कॅप्टॉन टेप लावा, हा सर्वात सुरक्षित मार्ग. घरातली ॲल्युमिनियम फॉइल बोर्डावर कदापि चिकटवू नका.

कायमचं करायचं असेल तर दिव्याचं बूचच बदला आणि नारिंगी निऑन लावा. निऑनच्या साखळीत (सीरिजमध्ये) २२० किलोओहमचा रेझिस्टर असला की पाऊण मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह जातो आणि उजेड मऊ पडतो. उघडताना स्विच बंद करून भागत नाही, प्लग उपसून हातात घ्या. स्विच न्यूट्रलवर बसवलेला असला तर बंद करूनही आत फेज जिवंत राहतो. दिवा स्विचच्या आतच असेल तर अख्खा स्विच बदलावा लागतो. इलेक्ट्रिशियनला अर्ध्या तासाचं काम आहे.

तीन फेजच्या पॅनेलवर आर-वाय-बी (लाल-पिवळा-निळा) दिवे पाहिलेत का? तारेच्या बल्बचा जमाना होता तेव्हा त्यातला निळा सर्वात मंद दिसायचा, कारण तापलेल्या तारेच्या उजेडात निळा भागच कमी. आता त्याच काचेमागे एलईडी आहेत आणि तिघांत निळाच डोळ्यात घुसतो.

आणखी एक. स्वस्त चार्जर किंवा ॲडॉप्टरमधला दिवा कापून टाकू नका. काही सर्किटांत तो दिवा आणि त्याचा रेझिस्टर मिळून किमान भाराचं काम करतात. काढला तर मोकळ्या अवस्थेत बाहेरचा व्होल्टेज वर चढू शकतो. शिवाय आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ टिकतात. ॲडॉप्टरला फक्त बाहेरून टेप.

रातकिडा:
फार उपयोगी माहिती, आभार. हब उघडला. दिव्याशेजारच्या रेझिस्टरवर ४७१ छापलंय. हब चालू असताना त्याच्या दोन टोकांत मीटरवर २.१ व्होल्ट येतात.

ओहम:
४७१ म्हणजे ४७ वर एक शून्य, ४७० ओहम. २.१ भागिले ४७० म्हणजे साधारण ४.५ मिलिअँपिअर. उरलेले २.९ व्होल्ट दिव्यावर. रात्रीच्या खोलीला ०.१ पुरतो.

२२ किलोओहम लावा, त्यावर २२३ छापलेलं असतं. कमी प्रवाहात दिव्यावरचा व्होल्टेज २.६ पर्यंत उतरतो, म्हणून उरलेले २.४ व्होल्ट भागिले २२ हजार, म्हणजे ०.११ मिलिअँपिअर. पहिल्याच्या चाळिसाव्या हिश्श्याएवढा. जुन्यावर समांतर जोडू नका, त्याने प्रवाह वाढेल. जुना काढूनच नवा बसवायचा.

अचूक हवं असेल तर जुना काढल्यावर त्या जागी १०० किलोओहमचा प्रीसेट (फिरवून किंमत बदलता येणारा रेझिस्टर) दोन बारीक तारांनी जोडा. प्रीसेटच्या साखळीत १ किलोओहमचा साधा रेझिस्टर ठेवा, म्हणजे प्रीसेट शून्यावर गेला तरी दिवा जळणार नाही. खोली अंधारी करून वीस मिनिटं थांबा, डोळे सरावले की प्रीसेट फिरवून दिवा जेमतेम दिसेल तिथे सोडा. मग प्रीसेट सोडवून मीटरने मोजा, त्यात १ किलोओहम मिळवा आणि जवळच्या किमतीचा रेझिस्टर लावा.

निळ्याच्या जागी लाल दिवा लावायचा विचार असेल तर जुना रेझिस्टर तसाच ठेवू नका. लाल दिव्यावर फक्त १.९ व्होल्ट बसतात. ५ व्होल्टच्या हबमध्ये फार बिघडणार नाही, पण ३.३ व्होल्टच्या सर्किटात १०० ओहमवर निळा ४ मिलिअँपिअर घेत असेल तिथे लाल १४ घेईल. चिपच्या पायाला ते सोसेलच असं नाही. तिथे किमान २.२ किलोओहम घाला.

काढताना रेझिस्टरच्या दोन्ही टोकांवर थोडं जास्तीचं सोल्डर घाला, आयर्नचं टोक आलटून पालटून दोन्हीकडे लावा, दोन्ही टोकं वितळलेली असतानाच चिमट्याने हलकेच बाजूला सारा. ओढलात तर तांब्याचा पट्टा उखडतो. काढलेला ४७१ कॅप्टॉनच्या तुकड्याला चिकटवून हबच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लावून ठेवा, पुढे कधी परत बसवायचा झाला तर हाताशी राहील.