नवशिक्याला दगडाची भिंत रचायला सांगू नका

घणसोलीचं_खारं_पाणी
काल इथेच एका जुन्या सभासदाने रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यात मासे आणि कोरल ठेवायची टाकी, सुरू करणाऱ्यांसाठी दगड कसे लावायचे यावर मोठी पोस्ट टाकली. सांगणं असं: लिटरमागे किमान दीडशे ग्रॅम दगड घ्या, आधी वाळू पसरा म्हणजे काचेला धक्का नाही, मग मागच्या काचेला टेकवून पाण्याच्या रेषेपर्यंत रचत जा, चिकटवायच्या भानगडीत पडू नका. खाली सगळ्यांनी हात जोडलेत. मला गप्प बसवत नाही, कारण हे वाचून उद्या कुणाचे तरी पैसे जाणार आहेत आणि मासेही.

वाळूपासून सुरू करतो. वाळूवर ठेवलेला दगड वाळूच्या भरवशावर उभा असतो. गोबी मासा आणि पिस्टल श्रिम्प कोळंबीची जोडी नवशिक्यांची लाडकी. ती कोळंबी दिवसभर काय करते ते बघा. नांग्यांपुढे वाळूचा ढीग ढकलत बिळाच्या तोंडाशी आणते, टाकते, वळते, परत आत. गोबी दाराशी पहाऱ्याला. बीळ नेमकं दगडाखालीच, कारण छप्पर तिथे मिळतं. काही दिवसांत वरचा दगड बोटभर कलतो आणि एके दिवशी खाली येतो. म्हणून दगड आधी, थेट तळावर, हलवून हलत नाही ना हे बघून. वाळू नंतर. काचेची काळजी वाटते तर खाली पातळ अॅक्रिलिक शीट घाला.

आता भिंत. तीन बाय दीड बाय दीड फुटांची टाकी धरा, साधारण १९० लिटर. दीडशे ग्रॅमच्या हिशोबाने २८ किलो दगड. मागून पुढे जागा ४५ सेंटिमीटर. भिंतीने वीस-बावीस खाल्ले, पुढच्या काचेवर मॅग्नेट फिरवायला आठ-दहा सोडले, मग कोरल वाढणार कुठे? आज दोन बोटांएवढा असलेला फ्रॅग, म्हणजे कोरलचा तुकडा, वर्षभरात शेजाऱ्याला भिडतो. गॅलॅक्सिया कोरलच्या सोंडा रात्री वीतभर लांब जातात आणि जिथे लागतील तिथे जाळतात. भिंतीवर सगळे एकमेकांच्या मांडीवर बसलेले असतात.

आणि भिंतीमागे पाणी फिरत नाही. वेव्हमेकर (लाटा करणारा पंप) कितीही चांगला लावा, दगड आणि काच यांच्यामधल्या फटीत घाण बसतेच.

माझं म्हणणं: दोन बेटं, एक उंच एक बुटकं, मध्ये मोकळी वाट. उंची टाकीच्या दोन-तृतीयांशापर्यंत. चारी बाजूंनी हात आणि पाणी फिरलं पाहिजे. सांधे जेल सुपरग्लू आणि इपॉक्सीने पक्के. १९० लिटरला बारा-पंधरा किलो सच्छिद्र दगड पुरतो.

माजिवडा_काका
पोस्ट माझी आहे, नाव घेऊन लिहायचं होतं.

तुम्ही ही बेटं फोटोत बघून शिकलात. आम्ही सुरुवात केली तेव्हा बाटलीतले बॅक्टेरिया नव्हते. दगड आणि स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), बस्स. बर्लिन पद्धत म्हणतात ती हीच. अमोनियाचं नायट्राइट, त्याचं नायट्रेट, हे सगळं काम दगडावरचे बॅक्टेरिया करतात, आणि दगडाच्या पोटात जिथे ऑक्सिजन पोचत नाही तिथे नायट्रेटचा वायू होऊन जातो. दगड कमी केला की ही जागाच कमी झाली. नवशिका मासे जास्त टाकतो, खाणं जास्त टाकतो. त्याला आधार हवा असतो.

दुसरं, मासे. मोकळ्या टाकीत डॅमसेलसारखा भांडखोर मासा सोडा आणि बघा. नवीन आलेल्या माशाला पळायला जागा नसली की दोन दिवसांत शेपटी उरत नाही. भिंतीत पन्नास फटी असतात.

तिसरं, तुमचा गोंद. कोलशेतला एका परिचितांकडे अशीच चिकटवलेली कमान होती, फोटोत सुंदर. सांधा सुटला, कमान वेव्हमेकरवर पडली आणि टॉर्च कोरलची सगळी वसाहत चिरडली. वजनावर नीट बसवलेला दगड असा पडत नाही.

खाडीपलीकडची
काका, फटींचं मी सांगते. दीर बदलीवर गेले तेव्हा त्यांची टाकी आमच्याकडे वाशीला आली, भिंतीसकट. एक रॉयल ग्रामा दिसेनासा झाला. लपला असेल म्हणून सोडून दिलं. मग सकाळी खोलीत वास, टेस्ट किटमध्ये अमोनिया हिरवागार. मासा भिंतीमागे मरून पडलेला, हात जायला जागा नाही, चिमटा पोचत नाही. शेवटी अख्खी भिंत उतरवली. मागच्या तळाला बास्टरने (फुग्याच्या पिचकारीने) एक फुंकर मारली तर टाकी चहासारखी झाली. त्यानंतर दगड दोन ढिगांत लावले, तेच दगड, तेवढेच. नायट्रेट उतरलं.

डॅमसेलचं मात्र काकांचं बरोबर आहे. पण त्याला औषध भिंत नव्हे, डॅमसेल न घेणं हे आहे.

माजिवडा_काका
तेच दगड, तेवढेच. म्हणजे वजनावर माझाच मुद्दा सिद्ध झाला.

घणसोलीचं_खारं_पाणी
काका, दीडशे ग्रॅमचा हिशोब परदेशी पुस्तकांतून आला, गॅलनला एक ते दीड पाउंड. म्हणजे लिटरला १२० ते १८० ग्रॅम. पण कुठल्या दगडाचं वजन? पोकळ हलका दगड आणि ठोकळ्यासारखा दगड तागडीत सारखे भरले तरी आतल्या जागेत जमीन-अस्मानाचा फरक. किलोवर जागा मोजता येत नाही.

पारसिकचा_पोरगा
दगडाचं वजन राहू द्या, दगडाचा भाव बोला की कुणीतरी. ठाण्यात किलोमागे जे पैसे मागतात त्यात आठवड्याची भाजी येते. पारसिकच्या डोंगराचा दगड घ्या, फुकट आहे. नाहीतर मालवणला जा, किनाऱ्यावर मेलेलं कोरल पडलेलं असतं, पोतं भरून आणा. उकळून वापरा. मेलेलंच आहे, कुणाचं काय जातं?

कोलशेत_रीफर
असला सल्ला परत देऊ नका. मागच्या पावसाळ्यातही एकाने हेच लिहिलं होतं.

दगडी कोरल, काळं कोरल, समुद्री पंखे, सगळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे. वाघ ज्या यादीत, त्याच यादीत. मेलेला तुकडाही त्यात येतो. शिक्षा तीन ते सात वर्षं. आणि मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. नवशिका मुलगा हे वाचून पोतं घेऊन येईल आणि टोलनाक्यावर अडकेल.

मुंबईत कोस्टल रोडसाठी वरळी आणि हाजी अलीची कोरलं २०२० मध्ये दुसरीकडे हलवली. त्यालाही वनखात्याची परवानगी घ्यावी लागली, समुद्रविज्ञान संस्थेचे लोक पाण्यात उतरले. सरकारी कामाला एवढं, आणि तुम्ही पोतं म्हणता.

पारसिकचा_पोरगा
आवाज चढवू नका. कायदा गरिबालाच का? दुकानात लाइव्ह रॉक, समुद्रातून काढलेला जिवंत दगड, टबात भरून विकतात ते कुठून येतं? तिथे कोण विचारतं?

कोलशेत_रीफर
मी विचारतो. साइटिस, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार, त्याच्या परिशिष्ट २ मध्ये दगडी कोरल आहे, लाइव्ह रॉकसुद्धा त्यात धरतात. बाहेरून आणायचं तर कागद लागतात. एका दुकानात मला इंडोनेशियाचा दगड म्हणून दाखवला, आयातीचा कागद मागितला तर म्हणे विश्वास ठेवा. मी हात न लावता बाहेर पडलो. त्या टबातला दगड मन्नारच्या आखाताचा नव्हता हे मला कोण सांगणार? रामेश्वरच्या बाजूला कोरल उकरून चुनखडीसाठी नेत होते, तिथली बेटंच्या बेटं झिजली. आपण घरात रीफ उभं करतो ते रीफ आवडतं म्हणून ना? मग खरं रीफ फोडून आणलेला दगड कसा चालतो?

पारसिकचा_पोरगा
ठीक आहे, समुद्राला हात लावत नाही. डोंगराचं बोला. तिथे कुठली अनुसूची?

माजिवडा_काका
डोंगराचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, तो रीफमध्ये चालत नाही. तो चुनखडीचा नाही, पीएच धरत नाही. कोरलचा दगड हळूहळू विरघळतो म्हणून पाणी ८.२ वर राहतं.

घणसोलीचं_खारं_पाणी
हे बरोबर नाही काका. ८.२ ला अरागोनाइट, म्हणजे कोरलच्या दगडातलं चुनखडीचं खनिज, विरघळतच नाही. म्हणून तर कॅल्शियम रिअॅक्टरमध्ये कार्बन डायऑक्साइड सोडून पीएच साडेसहाच्या आसपास आणावा लागतो, तेव्हा कुठे आतला कोरलचा चुरा विरघळतो. अल्कलिनिटी पाणी बदलून किंवा डोसिंगने मिळते.

बेसॉल्टची अडचण वेगळी आहे. आपल्याकडचा बराचसा घट्ट, वजनाला पाण्याच्या जवळजवळ तिप्पट, आत भोकं नाहीत. बॅक्टेरिया वरच्या अंगावर बसतील, ते काचेवरही बसतात. जाळीदार जातीत भोकं असतात पण ती एकमेकांना जोडलेली नसतात, त्यामुळे आत पाणी खेळत नाही. शिवाय खाणीच्या दगडात सुरुंगाची दारू आणि डिझेल काय मुरलंय ते दिसत नाही.

माजिवडा_काका
रिअॅक्टरचं मान्य. बेसॉल्ट नको या निकालावर आपण दोघे एकच आहोत, कारण काहीही असो.

पारसिकचा_पोरगा
दोघांनी मिळून पैसेवाल्यांचाच छंद करून ठेवलाय हा. चिलर घ्या, पाणी शुद्ध करायला आरओ-डीआय घ्या, दगड घ्या. मे महिन्यात चिलरशिवाय पाणी ३१ ला जातं, लाइट गेली की यूपीएस घ्या. साध्या माणसाने करायचं काय?

खाडीपलीकडची
साध्या माणसाने लहान सुरुवात करावी आणि ड्राय रॉक घ्यावा. खाणीतला जुना, समुद्राबाहेरचा चुनखडी दगड असतो, किंवा सिमेंटचा बनवलेला. लाइव्ह रॉकपेक्षा स्वस्त पडतो, त्यात एप्टेशियासारखं उपद्रवी अॅनिमोन येत नाही, शिकारी मॅन्टिस श्रिम्प येत नाही. घरी सिमेंटचा बनवलात तर गोड्या पाण्यात काही आठवडे मुरवा, पाणी बदलत राहा, नाहीतर पीएच चढतो.

माजिवडा_काका
ड्राय रॉकने डायनो येतात, डायटम येतात, म्हणजे तपकिरी शेवाळ, पहिले सहा महिने टाकी तपकिरी. जुना ड्राय रॉक फॉस्फेट सोडतो ते वेगळंच. नवशिका तिथेच कंटाळून टाकी विकतो. इथे विक्रीच्या जाहिराती वाचा, निम्म्या तसल्याच. हे कुणी सांगत नाही.

खाडीपलीकडची
मी सांगते की. एखादा मुठीएवढा दगड ओळखीच्याच्या जुन्या, स्वच्छ टाकीतून घ्यायचा आणि ड्राय रॉकमध्ये ठेवायचा. बाकीचे त्यातून पिकतात. वेळ लागतो.

कोपरखैरणे_नवीन
नमस्कार. ज्याच्यासाठी सगळं चाललंय तो मीच बहुतेक. तीन बाय दीड बाय दीडच आहे, चौदा किलो ड्राय रॉक घेतलाय, बिल आहे. टाकी कोरडी. क्लाउनची जोडी, गोबी, पिस्टल श्रिम्प आणि सोपे सॉफ्ट कोरल एवढंच ठेवायचंय. आता भिंत की बेटं?

घणसोलीचं_खारं_पाणी
कोरडी आहे हे फार चांगलं. टाकीचा तळ पुठ्ठ्यावर आखा, चारी बाजूंनी आठ-दहा सेंटिमीटर सोडून आतली चौकट काढा, आणि जमिनीवर त्या चौकटीतच दगड जुळवा. दोन-तीन दिवस तसाच ठेवून येता-जाता बघा. प्रत्येक बेटात एक आरपार बोगदा आणि झेंडूच्या फुलाएवढ्या दोन-चार खोबणी ठेवा, काकांना हव्या त्या फटी मिळतील. मग चिकटवा, सांधा पूर्ण कडक झाला की उचलून हलवून बघा. झेनिया किंवा ग्रीन स्टार पॉलिप ही झपाट्याने पसरणारी कोरलं घेणार असाल तर त्यांच्यासाठी वाळूत वेगळा सुटा दगड ठेवा, मुख्य बेटावर चढले की उतरत नाहीत.

माजिवडा_काका
पिस्टल श्रिम्प ठेवतोयस तर वाळू नंतर टाक, हे मी पण म्हणेन. माझ्या पोस्टमधली वाळूची ओळ बदलतो. चौदा किलो मला कमी वाटतो, सम्पमध्ये (खालच्या फिल्टरच्या टाकीत) बॅक्टेरिया बसायला सच्छिद्र मीडिया भर. आणि एक बेट मागच्या काचेपासून चार बोटांवर घे, अगदी मध्ये नको, नाहीतर मासे दिवसभर उघड्यावर राहतात.

घणसोलीचं_खारं_पाणी
चार बोटांत बास्टर जातो. चालेल.

पारसिकचा_पोरगा
चौदा किलोला किती दिले ते लिही आधी.