माधव स्पर्धा, एमटीटीएस म्हणे ‘पुण्या-मुंबईचे चोचले’!

परभणीचा मास्तर: काल इथं कुणीतरी बीएस्सीच्या पोरांसाठीच्या माधव गणित स्पर्धेबद्दल अन् एमटीटीएस या गणिताच्या उन्हाळी शिबिराबद्दल लिहिलं, “हे पुण्या-मुंबईचे चोचले. आपल्या बीएस्सीच्या लेकरांनी बँकेच्या परीक्षा द्याव्यात.” अहो, एमटीटीएस १९९३ पासून चालू आहे. उन्हाळ्यात चार आठवडे, राहणं-खाणं फुकट, प्रवेश परीक्षा नाही. गुण आणि शिक्षकाचं शिफारसपत्र, बस्स. मी गेलो होतो. पहिल्याच दिवशी सरांनी फलनाच्या सातत्याची व्याख्या विचारली, मी पुस्तकातली एप्सिलॉन-डेल्टाची व्याख्या घडाघडा म्हटली. “आता सांग, फलन सतत *नाही* म्हणजे काय?” दहा मिनिटं खडू हातात धरून उभा होतो. व्याख्येतलं ‘प्रत्येक’ उलटलं की ‘एखादा तरी’ होतं, हे त्या दिवशी कळलं. तोवर डिस्टिंक्शन होतं माझं!

औसेकर: ते मीच लिहिलंय अन् मागे घेणार नाही. जूनमध्ये पेरणी असते, पोरगं महिनाभर कुठं पाठवू? पुतण्या माधवला बसला, १०० पैकी ६ पडले. महिनाभर पुस्तकाला हात लावला नाही त्यानं.

परभणीचा मास्तर: अमेरिकेतल्या पुटनम या कॉलेजच्या पोरांच्या गणित स्पर्धेत १२० गुण असतात. कित्येक वर्षी निम्म्याहून जास्त पोरांना शून्य नाहीतर एक पडतो. सहाचं काय घेऊन बसलात?

औसेकर: पुतण्याला अमेरिका सांगू का?

तासिकावाला: मास्तर, शिफारसपत्र ‘बस्स’ कसं हो? मी सात वर्षं तासिका तत्त्वावर शिकवायलो. गेल्या साली एका पोरीचं पत्र लिहिलं. विभागप्रमुख म्हणाले, “तुम्ही कायम नाहीत, लेटरहेड मिळणार नाही.” ते स्वतः तिला ओळखत नव्हते, म्हणून त्यांनीही सही केली नाही. तारीख गेली. तिचं उत्तर वाचायला मी वही घरी न्यायचो, इतकी हुशार.

नांदेडची एमेस्सी: आमच्याकडं तर एमटीटीएसचं परिपत्रकच कपाटात राहिलं. तासिकावाल्यांना दोष नका देऊ, जागा भरा.

परभणीचा मास्तर: जागा भरेपर्यंत लेकरांनी थांबायचं का? मुद्दा भरकटायलाय.

तासिकावाला: भरकटला नाही. तुमची कायम नोकरी आहे, म्हणून तुम्हाला दार उघडं दिसतंय.

परभणीचा मास्तर: ...हे लागलं. बरं, ‘बस्स’ शब्द मागे घेतो. बाकीचं नाही.

औसेकर: माझी धाकटी एसवायला आहे. तिलाही दोन वर्षांत तीन सर झाले. तिचं पत्र कोण लिहिणार, ते सांगा आधी.