बाल्थझारची आठवण: न्यूयॉर्कमधल्या फ्रेंच खाण्याचे तुमचे किस्से लिहा

रानजाई:
लेकीने आज शाळेच्या कसल्याशा कार्यक्रमासाठी कांद्याचं फ्रेंच सूप करायला घेतलंय. घरभर लोण्यात परतलेल्या कांद्याचा वास सुटलाय आणि मी मनाने थेट न्यूयॉर्कच्या सोहोत, स्प्रिंग स्ट्रीटवर. बाल्थझार हे फ्रेंच रेस्टॉरंट माझ्या ऑफिसच्या वाटेवरच होतं. लाल बाकं, भिंतीवर डागाळलेले अवाढव्य आरसे, आणि कार्यालयात मंगलाष्टकं संपून पंगतीकडे पळताना होतो तसला गलबला. उघडलं १९९७ साली, पण बघणाऱ्याला वाटावं आजोबांच्या काळातलं आहे. मालक कीथ मॅकनॅली तर फ्रेंचही नाही, लंडनच्या ईस्ट एंडचा!
व्हिसाचं काम झालं त्या संध्याकाळी एकटीच बारपाशी जाऊन बसले आणि हे सूप मागवलं. वरचा ग्रुयेर चीजचा थर चमच्याने फोडला, भस्सकन वाफ आली, टाळू भाजली, तरी थांबले नाही.
तुम्हीही लिहा. बाल्थझारच पाहिजे असं काही नाही.

शाकंभरी:
कांद्याच्या सूपाला भुलू नका मंडळी, अशा सूपात स्टॉक बहुतेक वेळा बीफचा असतो. आणि ग्रुयेरमध्ये दूध गोठवायला वासराच्या पोटातलं रेनेट. मी एका ठिकाणी विचारलं तर वेटर बिचारा अगदी हळू आवाजात म्हणाला, मॅडम, तुम्ही हे नका घेऊ. मग काय, ब्रेड आणि फ्राइज. नवऱ्याच्या ताटातल्या फ्राइजही मीच संपवल्या, तो नुसतं स्टेक चावत बसला.

मालवणी_मावशी:
बाल्थझारमध्ये आईबाबांना घेऊन गेलेलो. ते माशांचं मजल्यामजल्यांचं ताट असतं ना, बर्फावर कच्ची कालवं वगैरे, ते टेबलावर आलं. आई माझ्या कानात, "गो, शिजवूक इसारले काय हे?" बाबांनी मात्र लिंबू पिळून गपागप खाल्ली. मग बिल बघून म्हणाले, "ह्या पैशात वेंगुर्ल्याक होडी येयत." त्यावर २० टक्के टिप द्यायची हे मी सांगितलंच नाही, ते बाथरूमला गेल्यावर दिली.

टवाळ:
मावशी, होडी =)) हसून हसून पुरेवाट

निमिष:
बाल्थझारचा वाइनचा किस्सा ठाऊक आहे ना सगळ्यांना? मॅकनॅलीने स्वतःच २०२० मध्ये लिहिला होता. वॉल स्ट्रीटवाल्या चौघांनी २००० डॉलरची १९८९ ची मूतों रोथशील्ड मागवली. त्याच वेळी एका तरुण जोडप्याने मागवली सगळ्यात स्वस्त, १८ डॉलरची पिनो न्वार. दोन्ही सारख्याच डिकँटरमध्ये, म्हणजे काचेच्या सुरयांमध्ये, ओतल्या आणि अदलाबदल झाली. चौघांचा यजमान स्वस्तातली पिऊन तिच्या शुद्धतेचे गोडवे गातोय, आणि तिकडे जोडपं २००० वाली पिताना महागडी वाइन असल्याचं गमतीत नाटक करतंय. शेवटी मॅकनॅलीने दोघांनाही खरं सांगितलं. यजमान म्हणे, मला वाटलंच होतं.

टवाळ:
म्हणजे महागड्या बाटलीत साधी भरून पाहुण्यांना पाजणारे आमचे काका द्रष्टे होते.

अनघा_क:
माझं थोडं अवांतर. आमचा अड्डा पार्क अव्हेन्यू साउथवरचं ले आल रेस्टॉरंट. अँथनी बोर्डेन तिथलाच शेफ होता. मी गेले तेव्हा तो केव्हाच टीव्हीवर जगभर हिंडत होता, पण तरी स्वयंपाकघराच्या दाराकडे डोळे लागायचेच. २०१८ मध्ये तो गेला तेव्हा ती जागा आधीच बंद पडलेली. लोकांनी दारापाशी फुलं ठेवली, काचेवर चिठ्ठ्या चिकटवल्या. मी चिठ्ठी लिहून नेली होती पण सगळे वाचतील म्हणून लाजून पर्समध्येच ठेवली. कुकरची शिट्टी झाली, पळते.

रानजाई:
अनघा, ती चिठ्ठी अजून असेल तर इथे डकव.
मावशी, आईंना सांगा, मीसुद्धा कच्ची कालवं अजून खाल्लेली नाहीत.

पोळीभाजी:
सूपाची कृती द्या ना कोणीतरी. शाकाहारी.

शाकंभरी:
कांदे उभे पातळ चिरून लोण्यात मंद आचेवर पाऊण ते एक तास. दहा मिनिटांत होतं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. स्टॉकऐवजी सुके मशरूम उकळलेलं पाणी. वर भाजलेला पाव, त्यावर चीज, मग ओव्हनमध्ये वरून आच. प्रोसेस्ड चीज घालू नका, ताणलं जात नाही. मोझरेला घ्या, पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून.

पोळीभाजी:
एक तास?? आमच्याकडे तेवढ्यात स्वयंपाक होऊन ओटा पुसून होतो.

निमिष:
२०२० च्या मार्चमध्ये बाल्थझार बंद झालं तेव्हा वाटलं गेलं हेही. वर्षभराने, २०२१ च्या मार्चमध्ये उघडलं. मी त्याच आठवड्यात गेलो होतो. मास्क लावलेला वेटर "वेलकम बॅक" म्हणाला आणि मला बोलताच येईना. स्टेक फ्रीत (स्टेक आणि फ्राइज) तसंच होतं. बाल्थझारचे ते शेफ दोघं, नस्र आणि हॅन्सन, तर कधीच बाहेर पडून स्वतःचं फ्रेंचेट रेस्टॉरंट काढून बसलेत, तिथेही जाऊन या. पण माझं मत विचाराल तर गर्दी बघायला बाल्थझारच.

जर्सीकर:
एवढ्यासाठी न्यूयॉर्कला जायच्या टनेलच्या रांगेत कोण उभं राहणार? बाल्थझारची बेकरी आमच्या न्यू जर्सीत, एंगलवुडला आहे की. शनिवारी सकाळी लवकर जा.

रानजाई:
एंगलवुडला?! जर्सीकर, पार्किंग मिळतं का?

मालवणी_मावशी:
मी पण येतंय. कोण कोण आहे शनिवारी? गाडीत दोन जागा आहेत, एडिसनहून निघेन.

टवाळ:
होडीने या.